नाव न लिहिलेली चिठ्ठी

परळी वैजनाथ
६ जानेवारी २०२५

प्रिय वनाताई,

नव्या वर्षाचा सलाम. फोन सोडून पत्र लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. आमचं घर दोन खोल्यांचं, मधली भिंत प्लायवूडची. मी इकडे कुजबुजले तरी अभिमन्यूला पलीकडे ऐकू जातं, आणि मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. उत्तर घरी पाठवू नकोस. मी निवृत्त झाले तरी रोज बालवाडीत जाते, तिथल्या पत्त्यावर पाठव.

ताई, माझा मुलगा पितो. त्याचे बाबा गेले तेव्हापासून, चार वर्षं. वीज केंद्रातली राख नेणाऱ्या टँकरवर काम करतो, संगतही तसलीच. आधी शनिवारी प्यायचा. आता शनिवार कुठला नि सोमवार कुठला. रविवारी चर्चमध्ये उपासनेला येतो, पेटी वाजवतो, प्रभुभोजन घेतो, आणि घरी आला की पलंगाखाली हात घालतो.

तुझ्या चर्चच्या मंडळीतल्या मंगलशी त्याचं ठरलं आहे हे तुला माहीत आहेच. रुक्मिणीबाईंची पुतणी. ईस्टरनंतरच्या आठवड्यात लग्न. मुलगी गुणी आहे. ती घरात आली की तो सुधारेल असं मला मनापासून वाटतं. तोवर त्याला प्रार्थनेनं धरून ठेवायचं आहे. तुझ्या प्रार्थनेत जोर आहे, हे मी मिशनच्या बोर्डिंगपासून पाहत आले. रोज त्याच्यासाठी गुडघे टेक, एवढंच मागते. पण त्याचं नाव कुणाजवळ काढू नकोस. रुक्मिणीबाईंच्या घरी नुसता वास गेला तरी लग्न मोडेल, आणि लग्न मोडलं तर माझा मुलगा राहणार नाही.

तुझी,
विजू


चौसाळा
११ जानेवारी

विजू, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा राग आला. पाणी वाळलं, राग आहे, म्हणून तोच आधी लिहिते.

लग्न म्हणजे दवाखाना नाही. मंगलला मी चौथीपर्यंत शिकवलं आहे. बेरीज चुकली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची, अशी पोर. जे काम तुला एकतीस वर्षांत जमलं नाही ते त्या बावीस वर्षांच्या पोरीनं सासरी आल्याच्या आठवड्यात करायचं? आपल्या बोर्डिंगच्या मोठ्या सिस्टर पाहुण्यांच्या पलंगावर फाटकी चादर घातली तर हातावर पट्टी मारायच्या. तू तर फाटकी चादर घडी घालून, वर इस्त्री करून आहेरात देते आहेस.

झालं. आता तुझ्या मागण्याचं. प्रार्थना करीन. रोज दुपारी दोन वाजता, जेवण आवरल्यावर.

आमच्या महिला मंडळातही विषय टाकते. आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. दर शुक्रवारी जिचा जो विषय असेल तो तिनं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा. मग डबा हलवायचा, प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची आणि आठ दिवस त्या विषयासाठी प्रार्थना करायची. नाव लिहायचं नाही असा नियम. 'एका मुलासाठी', 'एका बहिणीसाठी', एवढंच. मला तो नियम कधी पटला नाही. बिनपत्त्याचं पाकीट पोस्टमन तरी नेतो का? फार वर्षांपूर्वी मला एक चिठ्ठी आली होती, 'एका शिकलेल्या बहिणीसाठी, घरच्या त्रासातून सुटका व्हावी.' आठ दिवस मी त्या बहिणीवर चिडून प्रार्थना केली. शिकली आहेस तर तोंड उघड की, म्हणून.

सध्या अर्धं मंडळ ऊसतोडीला गेलं आहे. मागे आम्ही सात म्हाताऱ्या. तुझी चिठ्ठी नियमाप्रमाणे टाकते, 'एक आई, एक मुलगा.' तुझ्यासाठी एवढं गिळते.

वनमाला


परळी
३० जानेवारी

प्रिय वनाताई,

तू रागावलीस ते रागाव. तुझा राग मला बोर्डिंगच्या घंटेसारखा ओळखीचा आहे, तो वाजला की जेवण मिळतं हे ठाऊक असतं.

आणि मिळालं, ताई. आज तेरा दिवस झाले, अभिमन्यू संध्याकाळी शुद्धीत घरी येतो. आल्यावर दोरीवरचे कपडे स्वतः झटकून आत आणतो, कारण इथे वाळत घातलेलं पांढरं काही पांढरं राहत नाही, सगळ्यावर राख बसते. रविवारी पेटी वाजवताना त्याचे हात अगदी स्थिर होते. प्रभुभोजनाचा पेला धरताना मी मुद्दाम त्याच्या बोटांकडे पाहत होते, तीही स्थिर होती. पाळकसाहेब नंतर म्हणाले, पोरगा तेजाळला आहे. मी घरी येऊन रडले.

तू दोन वाजता बसतेस, तर मीही बालवाडीची मुलं गेली की त्याच वेळी बसते. आपण दोघी एकाच वेळी दार ठोठावतो आहोत असं वाटतं.

एक विचारू? राग मानू नकोस. धर्मराज भावजींबद्दल पूर्वी काही बायका काहीबाही बोलायच्या. मी कधी विचारलं नाही. तुला या वाटेची माहिती असेल तर मला सांग. कुणीतरी या वाटेनं जाऊन आलं आहे एवढं कळलं तरी मला पुष्कळ.

तुझी,
विजू


चौसाळा
८ फेब्रुवारी

विजू, सलाम.

धर्मराज हृदयविकारानं गेले. २०१४ च्या मे महिन्यात, दुपारी. दाखल्यावर तसं लिहिलं आहे. बायकांचं तोंड म्हणजे हापसा, कुणीही दांडा हलवावा.

अभिमन्यूची बातमी वाचून बरं वाटलं. तेरा दिवस म्हणजे थोडे नाहीत. पण हात स्थिर होते हे तू चार ओळींत दोनदा का लिहिलंस ते मला कळलं नाही.

माझी प्रार्थना नीट होत नाही. सांगणार नव्हते, पण तू जोराचं म्हणतेस म्हणून सांगते. दोन वाजता गुडघे टेकते, डोळे मिटते आणि दाराची कडी वाजते. उठून पाहते तर अंगणात ऊन आणि समोर शेजाऱ्याची शेळी. पुन्हा बसते. अभिमन्यूचं नाव घ्यायला जाते आणि तोंडातून दुसरंच नाव निघतं. पस्तीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतली, एक नाव कधी चुकलं नाही. आता एकच नाव घ्यायचं आहे आणि ते येत नाही.

मंगल परवा येऊन गेली. लग्नाच्या पांढऱ्या साडीला स्वतःच टिकल्या लावते आहे. म्हणाली, "बाई, तुमी तर त्यांच्या घरच्यावानी. कसे हायेत ओ ते?"

मी म्हटलं, "पेटी छान वाजवतो."

एवढ्यावर ती इतकी खूश झाली की मी माझा चहा तसाच ठेवला. १९८० साली, माझं लग्न ठरताना, माझ्या आईनं आमच्या मंडळीतल्या एका बाईला असंच विचारलं होतं. ती म्हणाली होती, मुलगा छान गातो.

वनमाला


परळी
२४ फेब्रुवारी

वनमालाताई,

काल रुक्मिणीबाई आणि मंगलचे वडील घरी आले होते. साखरपुड्याचं बायबल, अंगठी आणि साडी परत घेऊन. साडी आम्ही दिली होती त्याच पिशवीत.

रुक्मिणीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अभिमन्यू समोर बसला होता, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "लेकरा, तुज्यासाठी आमी आठ दिस उपास धरला. दुपारचं पाणी बी न्हाई घेतलं. तुजं नाव घेऊन घेऊन जीभ वाळली. आन तुज्या आईनं आमाला कावून सांगितलं न्हाई?"

मी म्हटलं, कसला उपास? त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'अभिमन्यू, परळी. दारूच्या व्यसनातून मुक्ती.' तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. बोर्डिंगात माझ्या वह्यांवर तूच नाव घालून द्यायचीस.

अभिमन्यूनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. पाहुण्यांना चपला घालेपर्यंत सोबत केली. मग कामाला जातो म्हणून गेला. रविवार होता. अजून आलेला नाही.

एवढंच विचारते. का?

विजयमाला


चौसाळा
२८ फेब्रुवारी

विजू,

नाव लिहिलं ते मी. नाकारत नाही. सांगितलं ना, बिननावाची प्रार्थना माझ्याच्यानं होत नाही. तुझ्या मुलाला देवापुढे 'एक मुलगा' म्हणून उभा करायचा, म्हणजे वर्गात 'ए, तू' म्हणून हाक मारण्यासारखं. पण चिठ्ठी कुणाच्या हाती लागावी हे काही माझ्या हातात नव्हतं. सात बायका, सात चिठ्ठ्या. रुक्मिणीबाईंच्या हाती लागली. देवाची इच्छा म्हण.

आणि मला विचारतेस तर मीही विचारते. मंगलला कोण सांगणार होतं? तू? लग्नानंतर कितव्या महिन्यात?

अभिमन्यू आला का ते लगेच कळव. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस.

वनमाला


चौसाळा
१२ मार्च

विजू,

उत्तर नाही. बालवाडीत फोन केला, बाई म्हणाल्या तू येत नाहीस. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले आहेत, रोज दोनला बसते. बसते म्हणजे काय, दाराकडे कान लावून गुडघे दुखवते. दोन ओळी तरी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

वनमाला


परळी
२२ मार्च

वनमालाताई,

तो आलेला नाही. कामावरच्या एकाला माजलगावला दिसला, धरणाच्या भिंतीवर बसलेला. मी गेले. दोन दिवस तिथल्या धर्मशाळेत राहिले, दुकानादुकानांत फोटो दाखवला. गुऱ्हाळाजवळ एक माणूस म्हणाला, आठ दिवसांपूर्वी होता, चपला नव्हत्या.

पोलिसांत नोंद केली. नोंदवहीत आता नाव आहेच, तेव्हा तुझी हौस फिटली असेल.

इथून पुढे त्याच्यासाठी प्रार्थना करू नकोस. त्याचं नाव देवापुढेसुद्धा काढू नकोस. मला लिहूही नकोस.

विजयमाला


चौसाळा
३० मार्च

विजू,

लिहू नकोस म्हणालीस. हे एक वाच, मग फाड.

चिठ्ठी रुक्मिणीबाईंच्या हाती लागली नव्हती. मी दिली. त्या शुक्रवारी डबा माझ्याकडे होता. तुझी चिठ्ठी मी वरती, कडेला, उभी खोचून ठेवली आणि डबा सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे धरला. मंगल माझ्या दारातून हसत गेली त्याच दिवशी मी हे ठरवलं होतं. तोंडानं सांगायची छाती झाली नाही. प्रार्थनेच्या आड लपून सांगितलं, म्हणजे चहाडीही झाली आणि चहाडखोर म्हणून नावही झालं नाही. वर देवाची इच्छा म्हणून तुला लिहिलं. त्या एका वाक्याची मला जास्त लाज वाटते.

आता दुसरं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

धर्मराज चौतीस वर्षं प्यायले. मी कुणाला कळू दिलं नाही. मुख्याध्यापिकेचा नवरा. पाळकसाहेब भेटीला आले की त्यांना ताप आहे म्हणायची. कुठल्याही डब्यात मी त्यांच्यासाठी चिठ्ठी टाकली नाही, नावानं नाही आणि बिननावानंही नाही. शाळा सकाळची असायची. घरी येऊन एकटी प्रार्थना करायची, रोज, दुपारी दोन वाजता.

त्या मे महिन्यात मी घराला आतून कडी लावायला लागले होते. प्यायलेले आले तर ओसरीवर पडू द्यायचं, उतरली की आत घ्यायचं. त्या दिवशी मी गुडघ्यांवर होते आणि कडी वाजली. मी उठले नाही. मला वाटलं, प्रार्थना अर्ध्यात सोडून दारुड्याला दार कशाला उघडू? त्यांच्यासाठीच तर प्रार्थना करत होते. कडी पुष्कळ वेळ वाजली, मग हळू वाजली, मग थांबली. मी 'आमेन' म्हटलं, पाणी प्यायले, आणि वर्तमानपत्र वाचलं. साडेतीनला दार उघडलं. ते उंबऱ्याला डोकं लावून बसले होते. अंग उन्हानं इतकं तापलं होतं की जिवंत आहेत असंच मला वाटलं.

दाखल्यावर लिहिलं ते खोटं नाही. दार मात्र कुठल्या दाखल्यावर लिहीत नाहीत.

तू विचारलं होतंस, या वाटेनं कुणी जाऊन आलं आहे का. गेले होते. आले नाही.

वनमाला


अंबाजोगाई
१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

विजू,

तो माझ्याजवळ आहे. गुरुवारी तुला फोन केला तेव्हा 'आहे' एवढं ऐकून तू फोन ठेवलास, पुढचं सांगायचं राहिलं. तुला तेव्हाच बोलावणार होते, पण तो म्हणाला, "आईला बोलावलं तर मी ह्या पावली निघतो." म्हणून थांबले. आता थांबण्यासारखं नाही. हे पत्र अजिनाथ जीपनं आणतो आहे. अजिनाथ म्हणजे रुक्मिणीबाईंचा मुलगा. चकित होऊ नकोस, पुढे वाच.

गुरुवारी दुपारी कडी वाजली. मी बसले होते. उठले नाही. रोजचीच आहे असं वाटलं. चार-पाच मिनिटं तरी ती वाजत होती, विजू, आणि मी डोळे मिटून होते. मग बाहेर कुणीतरी खोकलं. अकरा वर्षांत नुसती कडी वाजत आली, खोकला कधी आला नव्हता. मी धावले. या गुडघ्यांनी जितकं धावता येईल तितकं.

पायऱ्यांवर बसला होता. दाढी वाढलेली, पायांत कुणाच्या तरी दोन वेगळ्या चपला. मला बघून म्हणाला, "मावशी, लई बोलू नका. तुमची चिठ्ठी परत द्यायला आलतो." आणि खिशातून काढून दिली. घामानं अक्षरं पसरली होती.

मी म्हटलं, "आत ये."

"आंघोळ न्हाई केलेली."

"मी विचारलंय का?"

आत आला. आंघोळ केली, वरणभात खाल्ला, अर्धा ओकला. म्हणाला, "बुधवारपासून सोडली. आता पुन्हा न्हाई." मला केवढा आनंद झाला. मी मूर्ख, मला वाटलं हेच ते उत्तर.

शुक्रवारी हात कापायला लागले. काल सकाळी अंगात ताप, अंथरुणावरच्या मुंग्या झटकतो आहे, आणि अंथरुणावर मुंगी एक नाही. दुपारी एकदम उठून बसला आणि दाराकडे बोट केलं. "मावशी, दारात कोण उभं हाय? आत घ्या की त्यांला. कवाचे उभे हायेत."

मी दाराकडे पाहिलं नाही. तुझ्यापासून आता काय लपवू, पाहायची हिंमत झाली नाही. त्याचा हात धरून भिंतीकडे तोंड करून बसले, आणि किती वेळ बसले ते माहीत नाही. त्याला एकटीनं उचलणं शक्य नव्हतं. गाडी कुणाची मागायची? गावात आपल्या माणसांपैकी जीप एकाच घरी. मी रुक्मिणीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "अजिनाथ, गाडी काढ."

जीपमध्ये त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी त्यांना म्हटलं, "रुक्मिणीबाई, ती चिठ्ठी तुमच्या हाती आपोआप आली नाही."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बाई, तुमी डबा हलवलाच न्हाई. समद्यांनी बघितलं. तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाईनं डबा हलवला न्हाई म्हंजी काय तरी आसल, म्हणून गप बसलो."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाऊंचं बी म्हाईत होतं आमाला. धर्मराजभाऊंचं."

मी म्हटलं, "माहीत होतं तर कधी एका शब्दानं विचारलं का नाही?"

"तुमी विचारू द्याल तवा. ताप हाय म्हणून दार लावायच्या. मग आमी डब्यात टाकायचो. वर्सानुवर्सं टाकलं. एका शिकल्याल्या भैनीसाठी. नाव कसं लिवणार, तुमी बी तितंच बसलेल्या." आणि त्या बाईला हसू आलं. "एकदा तर तुमच्याच हाताला लागली. म्हटलं आता बाई वळखत्यात. तर तुमी मोठ्यानं म्हणल्या, ही कोण बाई, हिला तोंड न्हाई का."

विजू, मी पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते.

आता कामाचं. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण उलटसुलट बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं होतं, आणि हे जिवावर बेततं. प्रार्थनेनं सोडली म्हणून मी आनंदात होते, त्या तीन दिवसांत तो मरू शकला असता. आजचा आणि उद्याचा दिवस अवघड आहेत. औषध किती द्यायचं ते तो किती प्यायचा आणि कधीपासून यावर ठरवायचं आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, कधीमधी. मग छताशी बोलतो. मला माहीत आहे ते तुझ्या पत्रांतलं. शनिवार-सोमवार, आणि मग तेरा दिवस अजिबात नाही. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून मान हलवली. म्हणाल्या, "हे जुळत नाही. घरी अजून कुणाला माहीत असेल?"

तुला माहीत आहे, विजू. जानेवारीत त्याचे हात स्थिर का होते ते तुला माहीत आहे. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारते. अजिनाथ तुझ्या दारात थांबेल, त्याच्याजवळ उत्तर दे. फोनवर सांगता आलं तर आत्ता सांग.

मला शिव्या मग दे. मी कुठे जात नाही. या वॉर्डाच्या दाराशी एक लोखंडी बाक आहे, त्यावर बसले आहे. प्रार्थना रुक्मिणीबाई करतात. मी त्याचे श्वास मोजते.

वनमाला


परळी
रविवार, १३ एप्रिल, दुपार

वनाताई,

दोनदा फोन हातात घेतला. दोनदा खाली ठेवला. अजिनाथ उन्हात उभा आहे, पाणीसुद्धा घेत नाही, म्हणतो आधी लिहा. म्हणून लिहिते.

तो चार नाही, सहा वर्षं पितो. त्याचे बाबा होते तेव्हापासून. त्यांच्या मरणावर मी ते ढकललं, कारण तसं सांगितलं की लोक हळहळतात.

रोज पितो. गेल्या वर्षाच्या गणपतीपासून सकाळी उठल्याबरोबर लागते, नाही मिळाली तर दात घासायचा ब्रश धरता येत नाही. दिवसाला देशीच्या तीन बाटल्या, छोट्या. कामावर असला तर चार. एकदा, दोन वर्षांपूर्वी, दोन दिवस मिळाली नाही तेव्हा त्याला झटका आला होता. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. मी शेजारी मिरगी सांगितली. दवाखान्यात नेलं नाही. तिथे केसपेपरवर लिहितात.

ते तेरा दिवस खोटे होते. म्हणजे तो संध्याकाळी शुद्धीत यायचा हे खरं, कारण मी मोजून देत होते. खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं ना, त्यानं. सकाळी सहा झाकणं, दुपारी जेवणाच्या डब्याबरोबर छोट्या बाटलीत घालून चार, रात्री आठ. बाटल्या मीच आणत होते, बुरखा घेतलेल्या बाईला कुणी ओळखत नाही म्हणून बुरखा घेऊन. रविवारी उपासनेआधी दोन झाकणं जास्त द्यायची, म्हणजे पेटीवर आणि पेल्यावर हात कापणार नाहीत. मंगलचे वडील त्या रविवारी आमच्या मंडळीत आले होते. पाळकसाहेब तेजाळला म्हणाले ते त्या दोन झाकणांचं तेज.

मग दोन वाजता तुझ्या वेळेला गुडघे टेकत होते, आणि त्याच हातांना तो वास असायचा.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू रुक्मिणीबाईंना सांगितलंस याचा तो आहे, आणि मी जे सहा वर्षं करू शकले नाही ते तू वाकड्या वाटेनं का होईना केलंस याचाही आहे. ते आपण नंतर पाहू, तो उठल्यावर.

मी या जीपनं येते आहे. आत येणार नाही. तो म्हणेल तोवर फाटकाशी बसेन.

पत्र मी अजिनाथजवळच देते, माझ्याजवळ राहिलं तर रस्त्यात फाडीन. हातात पडल्याबरोबर डॉक्टरीणबाईंना दे. त्यांना इंग्रजीत सांगावं लागलं तर तू सांग, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. झटक्याचं आधी सांग. आणि झाकणांचं सांगताना कोण देत होतं ते वगळू नकोस.

विजू